स्वस्त तिकीट कोणाच्या वाट्याला?

नागपूरहून मुंबई लोहमार्गाने ८३७ किलोमीटर आहे, आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आंतरराष्ट्रीय विमानतळ फार तर वीस-पंचवीस किलोमीटर. प्रस्तुत लेखकाच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांनी अलीकडेच हा सारा प्रवास केला. मुलगा उच्च शिक्षणासाठी जर्मनीस निघाला होता. त्याला निरोप देण्यासाठी आईवडील मुंबईपर्यंत गेले होते. परत आल्यावर गुरुजींनी खर्चाची वही पुढे ठेवली. शयनयानाच्या एका तिकिटास जेवढे पैसे पडले, त्याहून अधिक पैसे स्थानकाबाहेर गाठ पडलेल्या टॅक्सीवाल्याने घेतले होते. आणि ज्या स्थानकावर ते उतरले, त्याच्या शेजारीच रस्त्याखाली मेट्रोचे स्थानक असून तेथून सुटणारी गाडी विमानतळाशी नेऊन सोडते, ही गोष्ट त्यांना मुलाचे विमान उडून गेल्यावर, परतीच्या गाडीत, एका अनोळखी सहप्रवाशाकडून कळली. गुरुजी संतापले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, "हे आम्हांला आधी कोणी का सांगितले नाही?"

प्रश्न साधा आहे. पण त्याचे उत्तर देऊ लागले म्हणजे आपल्या प्रवासव्यवस्थेतील एक मोठा दोष उघडा पडतो. स्वस्तात जाण्याचे मार्ग आपल्याकडे नाहीत असे नाही. ते आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्यांतील कित्येक नियमांच्या पुस्तकात वर्षानुवर्षे छापलेले आहेत. परंतु ते ज्याला ठाऊक आहेत त्यालाच मिळतात. आणि ज्याला पैशाची निकड अधिक त्याला ते ठाऊक नसण्याचा संभवही अधिक. म्हणजे स्वस्त भाडे ही नागरिकाची सोय न राहता माहीतगारांचे बक्षीस होऊन बसले आहे.

नियमपुस्तकातले धन

उदाहरणादाखल आपल्या रेल्वेचे भाडे कसे आकारले जाते तेच पाहू. अंतर वाढत जाते तसतसा दर किलोमीटरचा आकार कमी होत जातो. त्यामुळे गोंदियाहून मुंबईला जाणाऱ्याने गोंदिया ते नागपूर आणि नागपूर ते मुंबई अशी दोन तिकिटे काढली, तर एका अखंड तिकिटापेक्षा त्याला अधिक पैसे मोजावे लागतात. शिवाय आरक्षणाचा आकार दोनदा पडतो तो वेगळाच. एकाच तिकिटाने जाता येत असताना ते तोडणे म्हणजे आपल्या हाताने खिसा रिकामा करणे होय. ही गोष्ट किती प्रवाशांना ठाऊक असते?

याच तत्त्वावर परिपथ तिकीट आधारलेले आहे. नागपूरहून निघून अनेक गावे पाहून पुन्हा नागपूरलाच परतावयाचे असेल, तर संपूर्ण फेरीचे एकच तिकीट काढता येते. एकंदर अंतराचे दोन समान भाग करून प्रत्येक भागाचे भाडे आकारले जाते आणि वाटेत आठ ठिकाणांपर्यंत उतरता येते. शाळा-महाविद्यालयांच्या सहलींना याहून सोयीचे काही नाही. तरीही सहल काढणारे शिक्षक प्रत्येक टप्प्याचे सुटे तिकीट काढण्यासाठी रांगेत ताटकळत उभे असलेले आपण पाहतो. सामान्य मेल-एक्स्प्रेसचे तिकीट पाचशे किलोमीटरहून लांबचे असेल, तर पहिले पाचशे किलोमीटर ओलांडल्यावर एकदा मधल्या स्थानकावर उतरून दोन दिवसांपर्यंत मुक्काम करता येतो. हजारांवरील अंतरास अशी सवलत दोनदा मिळते. एका गाडीतून उतरून दुसरी गाठावयाची असेल, तर दोन्ही आरक्षणे एकमेकांस जोडून घेण्याची सोय १ एप्रिल २०१९ पासून झाली आहे. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली, तर पुढील प्रवासाचे पैसे बुडत नाहीत. ज्याला पुढे विमान गाठावयाचे आहे, त्याने तर हे अवश्य लक्षात ठेवावे. मात्र विमान चुकले तर त्याची भरपाई रेल्वे करीत नाही. म्हणून एक गाडी आधीची धरणे हीच खरी काटकसर.

विद्यार्थ्यांच्या सवलतीची कथा याहून खेदजनक आहे. सुट्टीत घरी जाण्यायेण्यासाठी द्वितीय वर्गात व शयनयानात सर्वसाधारण विद्यार्थ्यास निम्मे भाडे माफ होते. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांस तीन-चतुर्थांश. त्यासाठी संस्थाप्रमुखाच्या सहीचा व शिक्क्याचा ठरावीक अर्ज लागतो आणि तिकीट आरक्षण कार्यालयाच्या खिडकीवरच काढावे लागते. घरबसल्या मोबाईलवर तिकीट काढणाऱ्या विद्यार्थ्यास ही सवलत दिसतच नाही. आणि जी दिसत नाही ती नाहीच, असे तो धरून चालतो. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळच्या मुलांनी नागपूरची वसतिगृहे भरलेली आहेत. त्यांतील बल्लारशा किंवा धामणगावच्या गाडीत बसणाऱ्या किती जणांनी हा अर्ज कधी हातात धरला आहे, याची चौकशी प्राचार्यांनी एकदा स्वतः करून पाहावी.

घेतलेले आणि न परतलेले

येथे रेल्वेचीही बाजू ऐकून घेतली पाहिजे. प्रवासी वाहतुकीत खर्च भरून निघत नाही, हे तिचे म्हणणे खोटे नाही. एका रुपयाच्या खर्चापैकी सरासरी सत्तावन्न पैसेच प्रवाशाकडून वसूल होतात, असे २०१६ साली तिकिटांवरच छापले जात होते. उरलेली तूट मालवाहतुकीतून आणि अखेर जनतेच्याच पैशातून भरावी लागते. म्हणून भाडे कधी वाढवूच नये, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. १ जुलै २०२५ रोजी मेल-एक्स्प्रेसच्या बिगर-वातानुकूलित वर्गात दर किलोमीटरला एक पैसा आणि वातानुकूलित वर्गात दोन पैसे अशी वाढ झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात आणखी एक वाढ झाली. उघडपणे जाहीर केलेली अशी वाढ लोक कुरकुरत का होईना, सोसतात.

आक्षेप आहे तो आडवाटेने होणाऱ्या वाढीवर. ९ सप्टेंबर २०१६ पासून राजधानी, शताब्दी व दुरंतो गाड्यांत जागा जसजशा भरत जातील तसतसे भाडे चढत जाण्याची पद्धत सुरू झाली. नागपूरकरांच्या मुंबई दुरंतोलाही ती लागू झाली. ज्याला दोन महिने आधी बेत आखता येतो तो कमी देतो. ज्याच्या घरी अचानक आजारपण किंवा मृत्यू येतो तो जास्त देतो. २० मार्च २०२० रोजी ज्येष्ठ नागरिकांची सवलत बंद झाली. साठीवरील पुरुषांना चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांवरील स्त्रियांना पन्नास टक्के माफी होती. साथीच्या दिवसांत वृद्धांनी घराबाहेर पडू नये हे कारण तेव्हा पटण्याजोगे होते. साथ ओसरली, पण सवलत परतली नाही. निदान शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गासाठी तरी तिचा फेरविचार व्हावा, असे संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीनेही सुचविले होते. त्याच साथीच्या काळात साध्या पॅसेंजर गाड्यांना 'विशेष' म्हणून एक्स्प्रेसचे भाडे लागले आणि दहा रुपयांचे किमान तिकीट तीस रुपयांचे झाले. ते पूर्ववत होण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. गाडी तीच, डबे तेच, थांबे बहुधा तेच. बदलले ते नाव, आणि भाडे तिप्पट झाले. उघड वाढीपेक्षा ही वाढ अधिक बोचते, कारण तिच्यामुळे प्रवाशाचा व्यवस्थेवरील विश्वास उडतो.

दोन डिसेंबर

या संदर्भात १९७७ सालच्या डिसेंबर महिन्याची आठवण होते. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई–हावडा मार्गावर, आपल्या नागपूरवरून जाणारी, गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. वेगवान गाडी म्हणजे श्रीमंतांची गाडी, ही समजूत मोडून केवळ द्वितीय वर्गाचे डबे घेऊन धावणारी ती वर्गविहीन गाडी होती. प्रा. मधु दंडवते तेव्हा रेल्वेमंत्री होते. द्वितीय वर्गातील लाकडी बाकांवर गादी आली तीही त्यांच्याच कारकीर्दीत. साध्या प्रवाशाला वेग आणि थोडासा आराम हवा, आणि त्यासाठी त्याला वरच्या वर्गाचे पैसे भरावयास लावू नयेत, हा त्यामागील विचार होता. पुढे गीतांजलीला वातानुकूलित डबे लागले. तो विचार मात्र जुना झाला असे मानण्याचे कारण नाही.

त्याच महिन्यात, १६ डिसेंबर १९७७ रोजी, लंडनची भुयारी रेल्वे हीथ्रो विमानतळापर्यंत पोचली. शहराच्या ज्या गाडीने कारकून कचेरीत जातो, त्याच गाडीने आणि त्याच भाड्याच्या हिशेबात विमानतळावर जाता येऊ लागले. पुढे १९९८ साली पॅडिंग्टनहून पंधरा मिनिटांत पोचविणारी हीथ्रो एक्स्प्रेस आली. तिचे साधे तिकीट कित्येक वर्षे २५ पौंड होते, तर भुयारी रेल्वेचे त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. २०२२ च्या मे महिन्यात एलिझाबेथ मार्गिका सुरू झाल्यावर तिसराही पर्याय मिळाला. ज्याला घाई आहे त्याने पैसे मोजावेत, ज्याला नाही त्याने वाचवावेत. महत्त्वाची गोष्ट ही, की महाग गाडी आली म्हणून स्वस्त गाडी बंद झाली नाही.

दिल्लीचा अनुभव याला पूरक आहे. नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळून विमानतळास जाणारी मेट्रो २०११ साली खाजगी कंपनीमार्फत सुरू झाली तेव्हा तिचे भाडे चढे होते. २०१३ साली ती दिल्ली मेट्रोच्या ताब्यात आली. २०१४ व २०१५ साली भाडे उतरविण्यात आले आणि प्रवासी वाढले. विमानाने जाणारा सारा धनिकच असतो, हा समज तेथे खोटा ठरला. आज विमानतळावर उभ्या असलेल्या गर्दीत कर्ज काढून शिकावयास निघालेली मुले आहेत, आखाती देशांत मजुरीस जाणारे कामगार आहेत, आणि नातवंडाच्या जन्मासाठी पहिल्यांदाच समुद्र ओलांडणाऱ्या आज्याही आहेत.

मुंबईत हा धडा उशिरा गिरविला गेला. पण गिरविला गेला, हे मान्य करावयास हवे. भुयारी मेट्रोचा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा २०२४ च्या ऑक्टोबरात सुरू झाला आणि बरोबर वर्षाने, २०२५ च्या ऑक्टोबरात, ती कफ परेडपर्यंत पोचली. विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलांशी तिची स्थानके आहेत. संपूर्ण मार्गाचे तिकीट सुरुवातीस ७० रुपये होते. ठाण्यास उतरणाऱ्या वैदर्भीय प्रवाशाला लोकलने घाटकोपर, तेथून पहिल्या मेट्रोने मरोळ नाका आणि तेथे भुयारी मेट्रो बदलून पुढचेच स्थानक विमानतळाचे, असाही मार्ग आहे. अडचण एकच: कित्येक आंतरराष्ट्रीय विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात व उतरतात आणि मेट्रो त्यापूर्वीच निजलेली असते. उलट नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी वाहतूक सुरू झाली, तेव्हा त्याच्या दाराशी मेट्रो नव्हती. आधी विमानतळ, मागाहून रेल्वे, हा आपला क्रम अजून सुटलेला नाही.

आणि आपले नागपूर? येथून शारजा व दोहा येथे थेट विमाने गेलेली आहेत. २०१९ च्या मार्चमध्ये खापरी ते सीताबर्डी मेट्रो सुरू झाली आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पहिला टप्पा पूर्ण झाला. रेल्वे स्थानकाशी मेट्रोचे स्थानक आहे. तेथून सीताबर्डीला गाडी बदलून 'एअरपोर्ट' नावाच्या स्थानकावर उतरता येते. परंतु ते स्थानक वर्धा मार्गावर आहे आणि विमानतळाची इमारत आत, दूर आहे. दोन जड पेट्या आणि बरोबर वृद्ध आई असलेल्या माणसाला तेवढे अंतरही मोठेच. कोट्यवधी रुपये खर्चून बांधलेल्या मार्गाचा उपयोग एका वेळेवर सुटणाऱ्या बसच्या अभावी थिटा पडतो. विमानांच्या वेळा धरून पहाटेपासून रात्रीपर्यंत अखंड चालणारी आणि मेट्रोच्याच तिकिटात सामावलेली बस ठेवणे, ही काही अशक्य मागणी नव्हे.

समुद्रापलीकडचा हिशेब

मुलगा परदेशी पोचला की भाड्याचा प्रश्न संपतो असे नाही. तो दुसऱ्या भाषेत सुरू होतो. तेथे आपले देशी गणित चालत नाही. आपल्याकडे तिकीट तोडले तर महाग पडते. ब्रिटनमध्ये पुष्कळदा तोडले तर स्वस्त पडते. तेथील भाडी अंतरावर नव्हे, तर दोन स्थानकांमधील जुन्या-नव्या करारांवर आणि मागणीवर ठरतात. त्यामुळे एकाच गाडीत, एकाच आसनावर बसून, दोन तिकिटांवर प्रवास करणारा कमी पैशात जाऊ शकतो. गाडी मधल्या त्या स्थानकावर थांबली की नियमाचे पालन झाले. सोळा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांसाठी एक-तृतीयांश सूट देणारे कार्डही तेथे मिळते. हे सारे जाणणाऱ्याचे कल्याण होते. पण शेजारी बसलेल्या अडाण्याने त्याच प्रवासाचे दुप्पट पैसे दिलेले असू शकतात, ही त्या व्यवस्थेची शोभा नव्हे.

जर्मनीने वेगळा मार्ग धरला. २०२२ च्या जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत तेथे महिन्याला केवळ ९ युरोंत देशभरच्या स्थानिक व प्रादेशिक गाड्यांनी हवे तेवढे फिरण्याची मुभा होती. त्याच धर्तीवर मे २०२३ पासून ४९ युरोंचे कायमचे मासिक तिकीट आले; २०२५ च्या जानेवारीत ते ५८ चे आणि २०२६ च्या जानेवारीत ६३ युरोंचे झाले. अतिवेगवान गाड्या त्यात येत नाहीत. पण फ्रांकफुर्ट किंवा म्युनिकच्या विमानतळावरून शहरात नेणारी उपनगरी गाडी त्यात येते. आकडा वाढत गेला, आणि त्यावर तेथेही वाद झाले. तरी त्या तिकिटाचा मोठा गुण असा, की ते समजावयास बुद्धी चालवावी लागत नाही. आमच्या गुरुजींच्या मुलाने पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात ते काढले आणि पत्ता शोधावा तशा सहजतेने तो गावोगाव फिरू लागला. पुढे गुरुजी तिकडे गेले, तर युरोपातील अनेक देशांत फिरण्यासाठी त्यांना यूरेलचा पास घ्यावा लागेल. मुलगा मात्र तेथील रहिवासी म्हणून १९७२ पासून चालत आलेल्या इंटररेलचा पास घेईल. दोघांनीही एवढे ध्यानात ठेवावे, की कित्येक वेगवान गाड्यांत पास असूनही आसनाचे पैसे निराळे पडतात.

आपल्याकडे देशाची सीमा गाडीने ओलांडण्याची सोय मुळात थोडी, आणि तीही राजकारणाच्या लहरीवर टांगलेली. १९७६ साली सुरू झालेली समझौता एक्स्प्रेस २०१९ साली थांबली. २००८ साली सुरू झालेली कोलकाता–ढाका मैत्री एक्स्प्रेस २०२४ च्या जुलैपासून थांबली. बिहारमधील जयनगरहून नेपाळातील कुर्था येथे २०२२ पासून गाडी जाऊ लागली, एवढेच समाधान. म्हणूनच विदर्भातील माणसाचा परदेशप्रवास म्हणजे आधी रेल्वे आणि मग विमान; आणि या दोहोंमधला दुवा हाच त्याच्या खिशाचा खरा शत्रू.

काय करता येईल

पहिली गोष्ट रेल्वेने करावयाची आहे. खिडकीवर असो वा मोबाईलवर, प्रवाशाने कोठून कोठे जावयाचे ते सांगितले की त्याला लागू पडणारे सर्वांत स्वस्त वैध तिकीट सर्वांत आधी दिसले पाहिजे; त्यापुढचे महाग पर्याय मागाहून. विद्यार्थ्यांची सवलत घरबसल्या मिळण्याची सोय झाली पाहिजे, आणि ज्येष्ठांची सवलत निदान खालच्या वर्गांत परत आली पाहिजे. स्थानकाच्या दर्शनी भागात, ठळक मराठीत, पुढील प्रवासाचे स्वस्त मार्ग लिहिलेला एक फलक लावण्यास फार मोठा निधी लागत नाही.

दुसरी गोष्ट आपणांस करावयाची आहे. शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत सवलतीचे अर्ज कपाटात पडून असतात. सुट्टी लागण्यापूर्वी पंधरा दिवस ते वर्गावर्गांत वाटण्यास कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहण्याची गरज नाही. एका लेखनिकाने मनावर घेतले तर एका संस्थेतील शेकडो मुलांचे पैसे वाचतील. भूगोलाच्या तासाला लोहमार्गांचा नकाशा शिकविणाऱ्या शिक्षकाने त्याच नकाशावर एक तिकीट आखून दाखविले, तर तो धडा मुले जन्मभर विसरणार नाहीत.

गुरुजींनी आता आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर नागपूर ते विमानतळ असा सारा मार्ग, गाड्यांच्या वेळा आणि भाडी, सुवाच्य अक्षरांत लिहून ठेवली आहेत. शेजारच्या दोन घरांतील मुले पुढील वर्षी परदेशी निघाली आहेत. त्यांच्यासाठी ते पान त्यांनी उतरवून दिले. एका निवृत्त शिक्षकाने जे आपल्या गल्लीपुरते केले, ते एवढ्या मोठ्या रेल्वेला आपल्या प्रवाशांसाठी करता येऊ नये, असे मानावयास आम्ही तयार नाही.